चकमकीची बंदूक आणि तिच्यावरची अक्षरे

‘सीमेवर चकमक’, ‘जंगलात पोलिसांशी चकमक’ असे मथळे आपण अधूनमधून वाचतो. हा शब्द मुळात तुर्की आहे. गारेचा दगड पोलादावर आपटून ठिणगी पाडायची, त्याला तुर्कीत ‘चाकमाक’ म्हणतात. आजच्या तुर्कस्तानात सिगारेट पेटवायच्या लायटरचेही हेच नाव आहे. फारसी-उर्दूत तो ‘चक़माक़’ झाला आणि मराठीत ‘चकमक’. दगडावर ठिणगी उडते तशी दोन सैन्यांत उडाली, की तीही चकमक. ‘बंदूक’ हा शब्दही असाच दुरून आला. अरबीत ‘बुंदुक़’ म्हणजे हेझलनट नावाचे एक गोल कवचाचे फळ. त्या आकाराच्या गोळीला ते नाव पडले आणि गोळीवरून ते हत्याराला मिळाले. मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना असे शब्द सापडले, की वर्गात पाच मिनिटे जास्त जातात, पण ती वाया जात नाहीत.

या दोन शब्दांच्या जोडीची वस्तू म्हणजे चकमकीची बंदूक, जिला इंग्रजीत फ्लिंटलॉक म्हणतात. अशी बंदूक आजही कुठे वाड्याच्या भिंतीवर, कुठे एखाद्या जमादार किंवा इनामदार घराच्या माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली सापडते. नळी लाल गंजाने भरलेली, दस्त्याला कीड लागलेली, घोडा जागच्या जागी घट्ट बसलेला. मग घरातले कोणीतरी उत्साहाने ती खाली उतरवते आणि चिंच, लिंबू, विटेची पूड, काचकागद घेऊन बसते. संध्याकाळपर्यंत बंदूक चकचकीत होते आणि तिच्यात जे वाचण्यासारखे होते, ते गटारात वाहून गेलेले असते.

जुन्या बंदुकीची डागडुजी म्हणजे तिला नवी करणे नव्हे, तिचे वाचन करणे होय, हे मला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी आधी ती चालते कशी आणि आपल्याकडे आली कशी, ते पाहू.

ठिणगी ते गोळी

चकमकीच्या आधी आपल्याकडे तोड्याची बंदूक होती. सुताची, सोऱ्यात बुडवून वाळवलेली दोरी म्हणजे तोडा. तो सतत धुमसत असे. चाप ओढला, की तोड्याचे जळते टोक रंजकेवर टेकायचे. रंजक म्हणजे नळीच्या बाहेर, लहानशा वाटीत ठेवलेली बारीक दारू. ती पेटली, की आग नळीच्या भोकातून आत जाऊन मुख्य दारूला लागायची. या भोकाला मराठीत ‘कान’ म्हणतात. तोफा निकामी करताना ‘तोफांच्या कानात खिळे ठोकले’ असे बखरीच्या भाषेत आपण वाचतो, तोच हा कान.

तोड्याचे दोष उघड आहेत. पाऊस आला की तोडा विझतो, अंधारात त्याचे लाल टोक शत्रूला दिसते. दारूची पिशवी कमरेला आणि जळती दोरी हातात असल्यामुळे शिपायांना एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहावे लागते. पण त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. तोड्याची बंदूक गावच्या लोहाराला दुरुस्त करता येत असे. तिला चांगल्या कमानी लागत नसत, घडवलेल्या गारा लागत नसत. नळी लांब आणि जाड असल्यामुळे नेमही चांगला बसायचा. म्हणून युरोपात चकमक आल्यावरही हिंदुस्थानात तोडा फार काळ टिकला. त्यामागे मागासलेपणापेक्षा हिशेब जास्त होता.

चकमकीच्या बंदुकीत जळती दोरी नाही. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गार असते. समोर एक उभी पोलादी पट्टी असते आणि तीच रंजकेच्या वाटीचे झाकणही असते. चाप ओढला, की आतली कमान सुटते, घोडा पुढे आपटतो, गार पट्टीवर खरवडत जाते, पट्टी मागे पडून वाटी उघडते आणि ठिणग्या थेट रंजकेवर पडतात. पट्टीचे पोलाद कडक नसेल तर ठिणगी पडत नाही. कमान कडक पण लवचिक नसेल तर एकतर तुटते, नाहीतर मऊ पडते. कान बुजला असेल तर रंजक बाहेरच भुर्रकन पेटते आणि आतली दारू तशीच राहते. उर्दूत याला ‘रंजक चाट जाना’ म्हणतात. भरपूर आवाज आणि धूर, पण गोळी काही सुटत नाही.

म्हणजे चकमकीच्या बंदुकीचे सगळे कसब तिच्या कळीत आहे, आणि कळीचे कसब लोखंडाला पाणी देण्यात. ज्याला हे जमले, तो कारागीर साधा नव्हता.

गारदी, आग्रा आणि श्रीरंगपट्टण

मराठी वाचकाला चकमकीच्या बंदुकीशी जोडणारे पहिले नाव इब्राहिमखान गारदी. फ्रेंच सेनापती बुसीच्या कवायती पद्धतीत तयार झालेला हा सरदार आधी निजामाकडे होता, मग पेशव्यांकडे आला. त्याचे गारदी चकमकीच्या बंदुका घेऊन रांगेत उभे राहून एकदम बार काढत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर या पलटणींनी किती नेटाने झुंज दिली, हे मराठीतल्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. नंतर १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे ‘गारदी’ हा शब्द मराठीत बदनाम झाला, आणि पानिपतावरचे गारदी त्या शब्दाच्या सावलीत गेले. एक शब्द गंजला, की त्याखालचे काय काय झाकले जाते, याचा हा नमुना.

पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. म्हणजे चकमकीची बंदूक केवळ परदेशातून विकत घ्यायची वस्तू राहिली नव्हती, ती इथे घडत होती.

पण इथल्या कारागिरीची सर्वांत स्पष्ट नोंद आपल्या हाती आहे ती म्हैसूरची. हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या कारखान्यांत चकमकीच्या बंदुका, पिस्तुले आणि संगिनी बनत होत्या. टिपूने १७८७ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्याकडे वकील पाठवले, तेव्हा सैन्याच्या मदतीबरोबर कारागीरही मागितले होते, आणि काही कारागीर त्या वकिलांबरोबर म्हैसूरला आलेही. परदेशी नमुना समोर ठेवायचा, पण वस्तू आपल्या हाताने घडवायची, हे त्यामागचे धोरण दिसते.

टिपूच्या खास शस्त्रागारातल्या बंदुका पाहिल्या, म्हणजे त्यांचे फोटो जरी पाहिले, तरी त्या लगेच ओळखू येतात. नळीवर, कळीवर, दस्त्यावर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असते, तिला ‘बबरी’ म्हणतात. काही बंदुकांचा घोडा वाघाच्या रूपात घडवलेला असतो आणि गार त्याच्या जबड्यात बसते. नळीवर ‘हैदर’ या नावाच्या अक्षरांचा छोटा ठसा असतो. टिपूच्या शस्त्रांवर आणि निशाणांवर ‘असदुल्लाहिल ग़ालिब’ ही अक्षरे अशी गुंफलेली दिसतात, की त्यांतून वाघाचा चेहरा तयार होतो. ‘असदुल्लाह’, म्हणजे अल्लाहचा सिंह, हे हज़रत अली यांचे बिरुद. ‘हैदर’ हेही त्यांचेच नाव, आणि त्याचा अर्थही सिंहच. आता प्रश्न पडेल, की अक्षरांत सिंह आणि चित्रात वाघ, हे कसे? उत्तर उर्दूत आहे. आपल्या बोलण्यात ‘शेर’ हा शब्द सिंहालाही चालतो आणि वाघालाही. पित्याचे नाव, हज़रत अलींचे बिरुद आणि म्हैसूरच्या जंगलातला वाघ, तिन्ही त्या एका खुणेत बसतात.

त्याहून महत्त्वाची दोन गोष्टींची नोंद या बंदुकांवर असते, एक कारागिराचे नाव आणि दुसरी साल. सय्यद मासूम, सय्यद दाऊद ही नावे टिपूच्या बंदुकांवर कोरलेली सापडतात. ठिकाण ‘पट्टण’, म्हणजे श्रीरंगपट्टण. लढाया जिंकणाऱ्यांची आणि हरणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात येतात. भट्टीसमोर घाम गाळून लोखंडाला पाणी देणाऱ्याचे नाव कुठल्या पुस्तकात येणार? ते फक्त त्याने घडवलेल्या लोखंडावर येते. त्या चार-सहा अक्षरांवरून कोणी काचकागद फिरवला, तर तो माणूस दुसऱ्यांदा मरतो.

सालाची गंमत वेगळीच आहे. टिपूने ‘मौलूदी’ सन सुरू केला होता. मौलूद म्हणजे जन्म, आणि प्रेषितांच्या (स.) नावाने चालणारा हा सन हिजरीहून वेगळा. शिवाय त्याने आकडे उजवीकडून डावीकडे लिहायची पद्धत आणली. उर्दू-अरबी लिपी उजवीकडून डावीकडे चालते हे सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातले आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच लिहितात. टिपूने तेही उलटवले. म्हणजे १२१५ हे साल नेहमीच्या सवयीने वाचले तर ५१२१ दिसते. उर्दू येणारा माणूससुद्धा इथे फसतो, आणि न येणाऱ्याला तर ती नुसती नक्षी वाटते. एखाद्या बंदुकीवरचा अर्धवट पुसलेला आकडा जाणकाराच्या हाती येण्याआधीच घासला गेला, तर तिचे वय कायमचे हरवते.

माळ्यावरची एक बंदूक

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या दिवशी सुलतान स्वतः तटावर होता आणि सेवक भरून देत असलेल्या बंदुका एकामागून एक झाडत होता, असे त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतात आहे. त्याच संध्याकाळी तो मारला गेला. मग लूट वाटली गेली. टिपूच्या ग्रंथालयाच्या वाट्याला निदान एक सूची आली. चार्ल्स स्ट्यूअर्टने त्या हस्तलिखितांचे वर्णन १८०९ मध्ये छापले. बंदुका मात्र अधिकाऱ्यांच्या सामानातून इंग्लंडमधल्या घरोघर गेल्या आणि भिंतींवर, माळ्यांवर पडून राहिल्या.

त्यांतली एक २०१९ मध्ये उजेडात आली. इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यातल्या एका घराच्या माळ्यावर काही शस्त्रे वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेली होती. ती कंपनी सरकारचा मेजर थॉमस हार्ट याने श्रीरंगपट्टणहून आणलेली. त्यांत वाघपट्ट्यांची नक्षी असलेली, संगीन लावलेली एक चकमकीची बंदूक होती. लिलावात तिला ६०,००० पौंड मिळाले. पण किमतीपेक्षा माझे लक्ष गेले ते तिच्या वर्णनातल्या एका ओळीकडे. टिपूच्या बहुतेक बंदुका शस्त्रागारातून उचललेल्या आहेत, ही मात्र थेट रणातून उचललेली दिसते, कारण तिच्या डाव्या बाजूला गोळी लागल्याची खूण आहे, असे लिलाव करणाऱ्यांनी म्हटले होते.

आता विचार करा. दोनशे वीस वर्षांत त्या घरातल्या कोणाला वाटले असते, की हा तडा बरा दिसत नाही, एखाद्या चांगल्या सुताराकडून लाकूड भरून घेऊ, वरून पॉलिश करू. काम उत्तम झाले असते. बंदूक अखंड दिसली असती. आणि ती रणात होती की शस्त्रागारात, हे सांगणारा एकमेव पुरावा त्या पॉलिशखाली गाडला गेला असता. सुदैवाने तिची कोणी काळजी घेतली नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत दुर्लक्ष हे पुष्कळदा चुकीच्या काळजीपेक्षा कमी नुकसान करते.

हात लावण्याआधी पाहणी

अशी किंवा याहून कितीतरी साधी बंदूक घरात सापडली, तर काय करावे? पहिला नियम असा, की ती भरलेली आहे असे धरून चालावे. हा विनोद नाही. ठासणीची बंदूक भरून ठेवण्याची पूर्वी रीत होती आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेटते. तपासायची रीत सोपी आहे. एक सरळ लाकडी काठी नळीच्या तोंडातून हळूच आत सोडायची, जिथे थांबेल तिथे तोंडापाशी काठीवर खूण करायची. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. काठीचे टोक कानाच्या जवळपास पोचले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत दारू-गोळी आहे किंवा कचरा दाबला गेला आहे. अशा वेळी ठोकणे, तापवणे, ड्रिल लावणे यांतले काहीही करू नये. काम तिथेच थांबवावे आणि पोलिसांमार्फत जाणकाराला बोलवावे. तोवर नळीचे तोंड कोणाकडेही नको.

दुसरी पाहणी नळीच्या आतली. टॉर्चच्या उजेडात आत सर्पिल खाचा दिसल्या तर ती रायफल, नाहीतर साधी बंदूक. त्या काळातल्या बहुतेक बंदुका आतून गुळगुळीतच होत्या. खाचा असलेली इंग्रजांची बेकर रायफल १८०० मध्ये आली, तिच्या नळीत सात खाचा असत. गंजाचे थर कधी खाचांसारखे भासतात, म्हणून घाईने नाव देऊ नये.

तिसरी पाहणी घराण्याची, म्हणजे बंदुकीच्या घराण्याची. इंग्रजी बंदुकीत नळी दस्त्याला आडव्या खिळ्यांनी बसवलेली असते, फ्रेंच बंदुकीत कड्यांसारख्या पट्ट्यांनी. कंपनीच्या सैन्याची ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक घ्या. तिची नळी ३९ इंच लांब आणि तोंड सुमारे पाऊण इंचाचे. तिच्या कळीवर बदामाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे असतील तर ती जुनी, आणि मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह असेल तर १८०८ नंतरची. आता बाजारात अशा खुणा ठोकलेल्या बनावट बंदुकाही भरपूर आहेत. पितळेच्या जाड पत्र्यावर ठळक इंग्रजी अक्षरे, सगळ्या भागांवर एकसारखा ‘जुनेपणा’ आणि यंत्राने पाडलेल्या आट्यांचे स्क्रू दिसले, की सावध व्हावे. खरी जुनी वस्तू सगळीकडे सारखी झिजत नाही. हात जिथे लागतो तिथे ती जास्त झिजते.

चौथी पाहणी कानाची. १८४० च्या सुमारास सैन्यांनी चकमक सोडून टोपीची बंदूक घेतली. तेव्हा हजारो चकमकीच्या बंदुका बदलून टोपीच्या केल्या गेल्या. पुढे संग्राहकांना चकमक हवीहवीशी वाटू लागली, तेव्हा त्यांतल्या काही पुन्हा उलट बदलल्या गेल्या. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोके, कानाभोवती नव्या धातूचे कडे, बाकीपेक्षा कमी गंजलेला घोडा, या त्याच्या खुणा. अशी बंदूक खोटी नसते. तिने दोन-तीन आयुष्ये पाहिलेली असतात आणि तीही नोंदवायची असतात.

हे सगळे करताना फोटो काढावेत, वहीत लिहावे. अक्षरे दिसली तर उजेड तिरपा धरून फोटो घ्यावा, बुजलेले कोरीवकामही उठून दिसते. उर्दू-फारसी अक्षरे असतील तर ती वाचणारा गाठावा. तो आपल्या मोहल्ल्यात असतो, फक्त आपण त्याला कधी विचारलेले नसते.

किती काढावे, काय ठेवावे

गंज दोन प्रकारचा असतो. एक जिवंत, म्हणजे नारिंगी-लाल, भुसभुशीत, बोट लावले की पूड हाताला येणारा. हा लोखंड खात असतो, तो थांबवलाच पाहिजे. दुसरा गडद तपकिरी किंवा काळसर, घट्ट, गुळगुळीत. हा शांत झालेला असतो आणि खालच्या लोखंडाचे एका अर्थी रक्षण करतो. त्याला हात लावायचे कारण नाही. चिंच-लिंबाचे आम्ल, बाजारातली गंजनाशके आणि फिरता तारेचा ब्रश यांना या दोघांतला फरक कळत नाही.

जिवंत गंजासाठी पातळ तेल लावून काही दिवस थांबावे. मग तांब्याच्या किंवा पितळेच्या बोथट पट्टीने, म्हणजे लोखंडाहून मऊ धातूने, पापुद्रे हळूहळू उचलावेत. मग मऊ कापड, पुन्हा तेल. संग्रहालयांतले तज्ज्ञ उरलेला गंज शांत करण्यासाठी टॅनिक आम्ल वापरतात, पण ते त्यांच्या हातचे काम आहे. शेवटी मेणाचा पातळ हात. कोकणासारख्या दमट हवेत तेलापेक्षा मेण बरे, कारण तेल धूळ धरते.

नळीवर सोन्याचांदीची नक्षी असेल तर थांबा. ती बहुतेक वेळा कोफ्तगिरी असते. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. सोन्याचा थर कागदाहून पातळ असतो. दोन वेळा जोराने घासले, की सोने जाते आणि मागे फक्त रेघा राहतात. काही नळ्यांच्या पोलादात पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला ‘जौहर’ म्हणतात. घासून पॉलिश केल्यावर ती दिसेनाशी होते.

कळ उघडायची वेळ आली तर स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस घासून तयार करावा. बाजारातला घसरतो आणि डोके खराब करतो. जुने स्क्रू हाताने केलेले असतात, एकाचा दुसऱ्या भोकात बसत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर कळीचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवावा. मुख्य कमान खास चिमट्याशिवाय काढू नये. ती तुटते किंवा डोळ्याशी येते. आणि गंमत म्हणून घोडा मागे ओढून रिकामा चाप दाबणे तर मुळीच नको. दोनशे वर्षांच्या पोलादाचा काही भरवसा नसतो.

लाकडाला काचकागद लावू नये. दस्त्याच्या कडा, कोणी कोरलेले आद्याक्षर, पट्टा घासून पडलेली खोलगट जागा, हे सगळे वाचनाचेच भाग आहेत. आपल्याकडे जवसाचे तेल चोपडायची सवय आहे. ते हळूहळू काळे पडते आणि चिकट होते. ओलसर कापडाने धूळ पुसून, पूर्ण वाळवून, मेण पुरेसे. कीड जिवंत असेल, म्हणजे ताजी पूड पडत असेल, तर बंदूक बाकीच्या लाकडी वस्तूंपासून वेगळी ठेवावी आणि तज्ज्ञाला दाखवावी.

एखादा भाग नसेलच, समजा गार धरणारा वरचा जबडा हरवला असेल, तर नवा करता येतो. पण तो नवा आहे हे ओळखू आले पाहिजे. आतल्या बाजूला साल कोरावे. जुना तुटका भाग फेकू नये, चिठ्ठी लावून सोबत ठेवावा. आपण केलेले प्रत्येक काम उद्या कोणाला उलट करता आले पाहिजे, ही संवर्धनशास्त्राची पहिली शिकवण आहे. मोठे काम असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक ठेव्याच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे विचारणा करता येते.

कायदा काय म्हणतो

आपल्या समाजात घरात जुने हत्यार असणे ही भीतीची बाब झाली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. भीतीपोटी कितीतरी वस्तू रातोरात विहिरीत गेल्या असतील किंवा भंगारात. म्हणून कायदा माहीत असलेला बरा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्त करून किंवा न करता चालवता येण्यासारखे नसले पाहिजे. कोकणातली ठासणीची बंदूक किंवा गडचिरोलीकडची भरमार ही चालणारी हत्यारे आहेत, त्यांना परवाना लागतो. याचा एक अर्थ असा, की उत्साहाच्या भरात जुनी बंदूक ‘चालू’ करणे म्हणजे स्वतःहून अडचणीत जाणे. नळी जुनी, तिचे जोड कधी सुटतील सांगता येत नाही, त्यामुळे जिवाचा धोका वेगळाच. आपली वस्तू कुठल्या बाजूला बसते, हे वकिलाला विचारून, लेखी अर्ज करून ठरवून घ्यावे. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो. ती देशाबाहेर विकता येत नाही. कोणी परदेशी गिऱ्हाईक आणतो म्हणाला, तर त्याला दारातूनच सलाम करावा.

अमानत

टिपू सुलतानावर आज दोन्ही बाजूंनी पॉलिश चालू आहे. एका बाजूला तो घासून घासून निष्कलंक वली केला जातो, दुसऱ्या बाजूला इतका काळा रंगवला जातो, की त्याखाली माणूस दिसेनासा होतो. दोघांनाही खुणा नको असतात. कूर्ग आणि मलबारच्या मोहिमा एकाला नको, शृंगेरीच्या मठाला लिहिलेली पत्रे दुसऱ्याला नको. पण बर्कशायरच्या त्या बंदुकीवर वाघाची नक्षीही आहे आणि गोळीची जखमही आहे, आणि दोन्ही मिळूनच ती खरी आहे. इतिहासाकडे पाहायची हीच रीत मला प्रामाणिक वाटते. जिवंत गंज, म्हणजे द्वेष आणि खोटेपणा, तो निघालाच पाहिजे. बाकी जे घट्ट बसले आहे, सोसले गेले आहे, ते तसेच राहू द्यावे आणि वाचावे.

आपल्याकडे अमानतीचा नियम साधा आहे. ज्याने ठेवायला दिले, त्याला ती वस्तू होती तशी परत करायची. तिच्यात भर घालायची नाही, तिच्यातून काढायचे नाही. माळ्यावरची बंदूक आपल्याला आजोबांनी दिली असे आपण म्हणतो, पण ती सय्यद मासूमसारख्या कोणा उस्तादाची अमानत आहे, ज्याचे नाव कदाचित त्या गंजाखाली अजून आहे. या रमज़ानपूर्वी घराची साफसफाई निघेल, तेव्हा ती खाली उतरवा. काठीने नळी तपासा, तिरप्या उजेडात फोटो घ्या, अक्षरे दिसली तर वाचून घ्या, वहीत लिहा. काचकागद मात्र दुकानातच राहू द्या.